आपल्या मरणाचा हिशेब आपल्या लेकींनी मांडावा

गेल्या ३ जानेवारीला जामनेरच्या एका वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंची जयंती होती. आम्हाला आरोग्यावर बोलायला बोलावले होते. सावित्रीमाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, तिथून आम्ही सुरुवात केली. पुढे ओघात आमचे नेहमीचे वाक्य सांगितले : "दलित बाई सरासरी ३९ वर्षे जगते आणि वरच्या जातीतली बाई ५४ वर्षे." सभा एकदम गप्प झाली. हे वाक्य सांगितले की असेच होते, म्हणून तर आम्ही ते पाच-सहा वर्षे सांगत आलो.

कार्यक्रम संपला, खीरदान झाले, बाया पांगल्या. मग एक मुलगी जवळ आली. वस्तीतलीच. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. म्हणाली, "मावशी, रागावणार नसाल तर एक सांगू? तो आकडा खरा आहे, पण तुम्ही सांगता तो त्याचा अर्थ नाही."

आम्हाला रागच आला. वीस वर्षे पेशंट पाहिलेल्या माणसाला काल-परवाची पोरगी शिकवते, असे मनात आले. पण तिने वही काढली आणि दहा मिनिटांत आमची वाचा बंद केली. तिने त्या दिवशी जे समजावले, त्यावरूनच हा लेख लिहीत आहोत.

आकडा खरा, अर्थ चुकीचा

हा आकडा हवेतला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात तो आहे. दलित बाई वरच्या जातीतल्या बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरते, असे त्यात म्हटले होते. ३९.५ आणि ५४.१ ही ती दोन वये. वर्तमानपत्रांनी छापले, आपल्या कार्यकर्त्यांनी मंचावरून सांगितले. आम्हीही सांगितले.

पण ती सरासरी होती मेलेल्या बायकांच्या वयाची. आज जन्मलेली मुलगी किती वर्षे जगेल, हे त्यातून कळत नाही. फरक कसा पडतो ते त्या मुलीने असे दाखवले.

समजा, दोन वस्त्या आहेत. दोन्हीकडे मरणाचा धोका अगदी सारखा : १०० लेकरांमागे वर्षाला २ दगावतात आणि १०० म्हाताऱ्या माणसांमागे १०. पहिल्या वस्तीत ४०० लेकरे आणि १०० म्हातारी माणसे आहेत. तिथे वर्षात ८ लेकरे आणि १० म्हातारी माणसे जातील. लेकराचे वय २ आणि म्हाताऱ्याचे ७२ धरले, तर मेलेल्यांच्या वयाची सरासरी येते सुमारे ४१. दुसऱ्या वस्तीत उलटे : १०० लेकरे, ४०० म्हातारी माणसे. तिथे २ लेकरे आणि ४० म्हातारी माणसे जातील. सरासरी येते सुमारे ६९. धोका दोन्हीकडे तोच, तरी एका वस्तीची सरासरी ४१ आणि दुसरीची ६९! ज्या समाजात लेकरे जास्त, त्या समाजाच्या मेलेल्यांच्या वयाची सरासरी आपोआप खाली येते. म्हणून हा आकडा घेऊन कोणी भांडायला उभे राहिले आणि समोरच्याला थोडे गणित येत असले, तर तो आपल्याला दोन मिनिटांत खाली बसवेल. वर म्हणेल, "यांचे सगळेच असे."

"मग आपल्या बाया लवकर मरतात हे खोटे का?" आम्ही विचारले.

"खोटे नाही, मावशी. नीट मोजलेले आहे." असे म्हणून तिने दुसरे संशोधन सांगितले. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशीष गुप्ता या तीन तरुण संशोधकांनी ते २०२२ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापले. सरकारच्याच २०१०-११ च्या वार्षिक आरोग्य सर्वेक्षणातली सुमारे २ कोटी माणसांची माहिती त्यांनी घेतली आणि वयागणिक मृत्यूचे प्रमाण काढून अपेक्षित आयुर्मान मांडले. वरच्या जातीतल्या हिंदूंपेक्षा दलितांचे आयुष्य तीन वर्षांहून जास्त कमी निघाले आणि आदिवासींचे चार वर्षांहून जास्त. गरिबीचा भाग बाजूला काढला तरी निम्म्याहून अधिक फरक उरतो. म्हणजे पैसा आला तरी जात आयुष्य कुरतडतच राहते.

तीन वर्षे हा आकडा चौदा वर्षांपेक्षा छोटा दिसतो. मंचावर सांगितला तर सभा तेवढी गप्प होणार नाही. पण तो पाडता येत नाही. खोट्या अर्थाचे चौदा घेऊन फिरण्यापेक्षा खरे तीन हातात असलेले बरे. कालामांना तथागतांनी हेच सांगितले ना? ऐकले म्हणून धरू नका, सगळे म्हणतात म्हणून धरू नका, पारखून घ्या. आम्ही बुद्धवंदना रोज म्हणत होतो, पण आकडा पारखला नव्हता. ज्या ज्या सभांत आम्ही तो वापरला, त्या सगळ्या श्रोत्यांची माफी या पानावरून मागतो.

आता त्या संशोधनातली आपल्या कामाची गोष्ट. ते नऊ राज्यांचे आहे : आसाम, बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, राजस्थान, उत्तर प्रदेश, उत्तराखंड. ते सर्वेक्षण तेवढ्याच राज्यांत झाले होते. महाराष्ट्र त्यात नाही. जिथे देशातले चारातले तीन बौद्ध राहतात, ते राज्यच त्या हिशेबात नाही.

रजिस्टर भरणारे हात

आम्ही जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव पहिल्याच आठवड्यात शिकलो. दीपप्रज्वलन झाले, हातात दिवा घेऊन शपथ घेतली. १२ मे आला की तिच्या फोटोला हार. पण ती संख्याशास्त्रातली पंडित होती, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगाने जास्त मरतात, हे तिने महिन्यागणिक मृत्यू मोजून आणि १८५८ साली रंगीत आकृती काढून ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांपुढे ठेवले. त्याच साली लंडनच्या संख्याशास्त्र सभेने तिला सभासद करून घेतले. ती तिथली पहिली बाई. नर्सला दिवा दिला, वही-पेन्सिल मात्र डॉक्टरसाहेबांकडे ठेवली. शिकवणीतली ही चूक आमच्या पिढीला महागात पडली.

कारण रजिस्टर तर आम्हीच भरत होतो. बाळंतपणाचे रजिस्टर, लसीकरणाचे रजिस्टर, मृत्यूचे रजिस्टर. महिनाअखेर रात्री उशिरापर्यंत बसून बेरजा करायच्या, अहवाल तालुक्याला पाठवायचा. तिथून तो जिल्ह्याला, तिथून पुढे. पुढे त्याचे काय होते ते कधी कळले नाही.

एक गोष्ट आजपर्यंत लिहिली नव्हती. आम्ही एका आरोग्य केंद्रात होतो, त्याचे नाव सांगत नाही. पावसाळ्यातली रात्र, वस्तीतलीच बाई, पहिलटकरीण. मूल जन्मले, दोनदा श्वास घेतला, हातपाय हलवले आणि दहा मिनिटांत गेले. सकाळी वरिष्ठ म्हणाले, "सिस्टर, उपजत मृत्यू लिहा. अर्भक मृत्यू लिहिला तर अन्वेषण लागते, उत्तरे देत बसावे लागते." आम्ही 'उपजत मृत्यू' लिहिले. नोकरीत नवीन होतो, घाबरलो.

त्या एका शब्दाने काय झाले? जे मूल श्वास घेऊन गेले, ते कागदावर कधी जगलेच नाही. अर्भक मृत्यूच्या कोणत्याही तक्त्यात ते नाही. ते का गेले, ऑक्सिजन होता का, डॉक्टर हजर होते का, हे कोणी विचारलेच नाही. आई आजही भेटते. आम्ही तिला हे सांगितलेले नाही. हा अंक तिच्या घरी जातो, तेव्हा आता सांगावेच लागेल.

आमच्या एकट्याच्या हातून असे झाले असते तर ते आमचे पाप म्हणून सोडून दिले असते. पण २००१ साली महाराष्ट्रातल्या संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल काढला. गावोगाव आणि वस्त्यांत घरोघर जाऊन बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी नोंदीतले मृत्यू आणि खरे मृत्यू यांत मोठी तफावत निघाली. तो वाचताना आम्हाला आमचे रजिस्टर आठवले.

मोजण्याने काय होते तेही गडचिरोलीने दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. १९८९ साली त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांच्या तपासणीचा निष्कर्ष छापला : १०० पैकी ९२ बायकांना अंगावरून जाणे, सूज, जंतुसंसर्ग अशांपैकी काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. तोवर गावच्या बाईचा आजार म्हणजे बाळंतपण, एवढेच सरकारला ठाऊक होते.

पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि तुलनेसाठी ४७ गावांत फक्त मोजणी केली. पहिल्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते, ते तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. दुसऱ्या गावांत ते होते तिथेच राहिले. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला येते, वजन करते, ताप बघते. ती या मोजणीमुळे येते. ती तुलनेची ४७ गावे मोजली नसती, तर कोणीही म्हटले असते, "पाऊस चांगला झाला म्हणून मृत्यू कमी झाले."

हे काम असते तरी काय?

या कामाला साथरोगशास्त्र म्हणतात. नावात साथ आहे, पण ते फक्त कॉलरा-करोनाचे शास्त्र नाही. कोणता आजार कोणाला होतो, कुठे होतो, केव्हा होतो आणि का होतो, हे माणसांच्या समूहात शोधणे म्हणजे साथरोगशास्त्र. डॉक्टर एका पेशंटला तपासतो, हे शास्त्र सगळ्या वस्तीला तपासते. त्याचा स्टेथोस्कोप म्हणजे संख्याशास्त्र.

विद्यापीठातला संशोधक आधी प्रश्न ठरवतो. मग हजार घरांतून शंभर घरे कशी निवडायची ते ठरवतो. रस्त्याकडेची, सोयीची घरे घेतली तर नाल्याकाठची माणसे सुटतात, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करावी लागते. प्रश्नावली तयार होते, नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते, प्रत्येक माणसाची संमती घ्यावी लागते. मग महिनोन्महिने घरोघर फिरणे. त्यानंतर संगणकापुढे बसून चुका काढणे : कुठे आईचे वय १२ आणि लेकाचे १० लिहिलेले, कुठे वजनाच्या जागी उंची. ही साफसफाई खऱ्या हिशेबापेक्षा जास्त वेळ खाते, असे ती मुलगी सांगते. शेवटी निबंध लिहायचा. तो अनोळखी तज्ज्ञ तपासतात, परत पाठवतात, पुन्हा लिहायला लावतात. मधल्या वेळात विद्यार्थ्यांना शिकवायचे. दोन वर्षांच्या कामातून कधी कधी एकच वाक्य हाती लागते. पण ते वाक्य टिकते.

आणि तिथे कोण बसले आहे, याने फरक पडतो. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे मोठे संख्याशास्त्रज्ञ होते. रोमला जागतिक अन्न संघटनेत होते, नंतर पुण्याला आले. पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी २२५० उष्मांकांच्या हिशेबाने देशातली गरिबी मोजली होती. सुखात्मे म्हणाले, माणसाचे शरीर कमी-जास्त खाण्याशी जुळवून घेते, म्हणून उपाशी ठरवण्याची रेघ खाली हवी. रेघ जरा खाली ओढली की कोट्यवधी माणसे एका झटक्यात उपाशी राहत नाहीत! दोघेही विद्वान होते, दोघांचेही काम प्रामाणिक होते. पण या वादात ज्वारीची अर्धी भाकर पाण्याबरोबर खाऊन कापूस वेचायला गेलेली बाई कुठे होती? तिची लेक त्या टेबलाशी असती, तर तिने हिशेब बदलला असता असे आम्ही म्हणत नाही. पण एक जास्तीचा प्रश्न तिने नक्की विचारला असता.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन दिले, ते कोष्टके मांडून. लोकसंख्येत कोणाचा क्रम कितवा आणि शिक्षणात कितवा, हे शेजारी शेजारी ठेवले. "आमच्यावर अन्याय होतो" हे वाक्य इंग्रज ऐकून विसरला असता, कोष्टक विसरता येत नव्हते.

आज काय मोजले जाते ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातली ६,३६,६९९ घरे पाहिली. त्यात हजार जिवंत जन्मांमागे अर्भक मृत्यू अनुसूचित जातींत ४०.७ निघाले आणि मागास प्रवर्गांत न येणाऱ्या इतरांत २८. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय. हे देशाचे आणि राज्याचे झाले. पण जळगाव जिल्ह्याचे पत्रक उघडा : जिल्ह्याचा एकच आकडा. अनुसूचित जातीचा वेगळा नाही, बौद्धांचा वेगळा नाही, जामनेर तालुक्याचा तर प्रश्नच नाही.

आमच्या मनात कितीतरी प्रश्न आहेत. कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांच्या घरात गर्भपात जास्त होतात का? मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे काय होते? नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. विदर्भातल्या आपल्या समाजात तो आजार आहे. आपल्या सोयरिकी बुलढाणा-अकोल्याकडे होतात, मग जामनेरच्या वस्त्यांत तो किती आहे? आम्ही जिथे जिथे विचारले तिथे उत्तर आले, "असा आकडा आमच्याकडे नाही." सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली. १९५८ ते २०२३ ही मधली ६५ वर्षे मोजून पाहा.

पोट भरते का?

मुलीचे वडील मजुरी करतात, थोडी बटाईची कपाशी आहे. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते स्पष्ट बोलले, "ताई, पोरीले आकडे मोजाले धाडू का नोकरीले लावू?" त्यांचे चुकत नाही. त्यांना गोड बोलून फसवायचे नाही, म्हणून जे खरे आहे ते सांगितले.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात. विद्यापीठात कायम जागा थोड्या, कंत्राटी कामे जास्त. प्रकल्प संपला की पगार संपतो. बार्टीची फेलोशिप आपल्या मुलांसाठी आहे, अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, परदेशी शिकायला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पण फेलोशिपसाठी आपल्याच मुलांना मुंबईत आझाद मैदानावर बसावे लागले, हेही सगळ्यांनी पाहिले आहे. इंग्रजीत लिहावे लागते, मार्गदर्शक कसा मिळेल त्याचा भरवसा नाही, आडनाव ऐकून चेहरा बदलणारे तिथेही भेटतात.

दुसरी बाजूही खरी आहे. ज्याला संख्याशास्त्र येते तो सहसा रिकामा बसत नाही. सर्वेक्षण, दवाखाने, औषधांच्या चाचण्या, सरकारी सांख्यिकी विभाग, बँका सगळ्यांना हा माणूस लागतो. देवनारच्या संस्थेत जैवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे. चेन्नईला राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे. नर्सिंग केलेल्या मुलींनाही पदवी पूर्ण केली की सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची वाट शोधता येते. डिप्लोमा म्हणजे शेवटचे स्टेशन, असे आम्ही समजलो होतो. तुमच्या मुलींनी समजू नये.

काही जण विचारतात, "आपलीच माणसे मोजायला बसली तर आपल्याच बाजूने मोजतील, कोण विश्वास ठेवेल?" या प्रश्नाचे उत्तर विहारातच मिळाले. आपल्या बाजूचा फुगलेला आकडा आपल्याच पोरीने खाली आणला. बाहेरचा कोणी ते करायला आला नव्हता. तिला तो आकडा खरा हवा होता, कारण तो तिच्या आईचा आणि आजीचा होता.

आणखी एक तक्रार आम्ही बायांकडून नेहमी ऐकतो : "येतात, बोटातून रक्त घेतात, कागद भरतात, जातात. पुन्हा तोंड दाखवत नाहीत." ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. आमचे मरण ही कोणाच्या पदवीची शिडी होणार असेल, तर त्या पदवीने खाली उतरून आम्हाला हिशेब दिला पाहिजे. निदान आपल्या मुलांनी तरी ही रीत मोडावी. जिथून माहिती घेतली त्या विहारात येऊन, मराठीत, बायांना समजेल असे सांगावे.

घरी बसून करायचे काम

संशोधक तयार व्हायला दहा वर्षे लागतील. खरी नोंद मात्र आजपासून आपल्या हातात आहे.

घरात जन्म झाला की मरण झाले, २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करा. दाखल्यापुरते थांबू नका. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचे प्रमाणपत्र मागा आणि त्यावर काय लिहिले ते वाचून घ्या. मूल जन्मल्यावर रडले असेल, श्वास घेतला असेल, तर 'उपजत मृत्यू' लिहू देऊ नका. आमच्यासारखी घाबरलेली नर्स समोर असेल, तर तिला धीर द्या.

सर्वेक्षणवाले आले तर हाकलू नका आणि खोटेही सांगू नका. कशासाठी आहे, कोण करते, निकाल कुठे मिळेल, हे तीन प्रश्न विचारा. नको असेल तर नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. धर्म विचारला तर बौद्ध सांगा, जात विचारली तर प्रमाणपत्राप्रमाणे सांगा. बौद्ध लिहिले तर सवलती जातात ही भीती १९९० च्या कायद्यानंतर धरण्याचे कारण नाही. आज महाराष्ट्र म्हणतो त्या भागात १९५१ च्या जनगणनेत २,४८७ बौद्ध होते. १९५६ ची दीक्षा झाली आणि १९६१ च्या जनगणनेत २७,८९,५०१ झाले. ज्यांनी त्या वेळी मोजणीदाराला न घाबरता 'बौद्ध' सांगितले, ते बहुतेक निरक्षर होते. येत्या जनगणनेत जातही मोजली जाणार आहे. तेव्हा शिकलेल्यांनी त्यांच्यापेक्षा कमी धीर दाखवू नये.

विहारात एक वही ठेवा. वस्तीतले जन्म, मृत्यू, वय, घरच्यांना वाटलेले कारण. ती विश्वासू बाईच्या हातात राहू द्या, कोणाचा आजार चावडीवर येता कामा नये. पाच वर्षांनी तीच वही घेऊन आपली कोणी लेक बसेल.

आणि अकरावीत मुलगी गणित सोडते म्हणाली तर लगेच 'सोड' म्हणू नका. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा. तेवढ्यात एका मुलीची प्रवेश परीक्षेची फी आणि गाडीभाडे निघते.

त्या मुलीने देवनारच्या परीक्षेचा फॉर्म भरला आहे. फीचे पैसे वडिलांनी कापूस विकून दिले. नोकरीचे मात्र अजून रोज विचारतात. निकाल लागायचा आहे. लागो न लागो, १४ एप्रिलला आम्ही त्याच विहारात बोलणार आहोत आणि आकडे सांगण्याआधी वही तिच्यापुढे धरणार आहोत.

जय भीम.